‘धाडसी’ राहू द्या, दुसरा प्रवेश लांबला का ते सांगा

प्रति,
मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या अंकात आमच्या ‘पूर्ण कोयता’ या एकांकिकेची बातमी आली, त्याबद्दल आभार. चार ओळी आणि एक फोटो. फोटोत मी नाही, मी विंगेत होते. पण फोटोतली दोन्ही लुगडी माझ्या दुकानातली आहेत, आणि डावीकडच्या लुगड्याचा काठ मी मुद्दाम फाडून पुन्हा टाचला होता, तो छान दिसतो. त्या चार ओळींत नाटकाबद्दल एकच शब्द आहे : धाडसी. धाडसी विषयावरच्या एकांकिकेनं म्हणे प्रेक्षकांना विचार करायला लावलं. कुणाला, कसला, ते नाही.

मग चौथ्या दिवशी वाचकांच्या पत्रांत एका निवृत्त मुख्याध्यापकांचं पत्र आलं. दोन बायकांचं एकमेकींवर प्रेम हे पुण्या-मुंबईचं खूळ आहे, संतांच्या मराठवाड्यात त्याला जागा नाही, इथला प्रेक्षक असलं काही बघत नसतो, असं त्यांचं म्हणणं. सरांनी नाटक पाहिलेलं नाही, हे त्यांनीच पत्रात अभिमानानं लिहिलंय. आपले बातमीदार मात्र आले होते. पहिली दहा-बारा मिनिटं बसले, मग फोन आला आणि उठले. त्यांची तक्रार नाही, एका संध्याकाळी एका माणसाला तीन-तीन कार्यक्रम उरकावे लागतात हे मला कळतं. पण झालं काय, एकानं न बघता शिवी दिली आणि एकानं अर्धवट बघून शाबासकी. मला दोन्ही सारखंच लागलं, म्हणून हे पत्र. लांब झालं तर कापा, पण मधून कापा, शेवटून नको.

माझं अंबाजोगाईत ड्रेपरीचं दुकान आहे, २२ वर्षं झाली. शाळांची गॅदरिंगं, गणपतीतले सजीव देखावे, जयंत्यांच्या मिरवणुका, सगळीकडचे कपडे आमच्याकडून भाड्यानं जातात. शिवाजी महाराजांचे सात अंगरखे, ३१ मावळे (त्यांतले चार फेटे सध्या जाग्यावर नाहीत, त्याचं शेवटी सांगते), जिजाऊंचे शालू, वासुदेवाच्या टोप्या, इंग्रजांचे लाल कोट आणि एक वाघ, ज्याची शेपटी दर वर्षी एक तरी पोरगं उपटतंच. नऊवारीचं तर विचारू नका. आणि गंमत अशी की माझ्याकडून नऊवारी नेणाऱ्यांत बाप्येच जास्त. भारुडाची मंडळं नेतात. पैठणचे एकनाथ महाराज सासुरवाशिणीच्या, जोगवा मागणारीच्या तोंडचं लिहून गेले आणि चारशे वर्षं आमचे बाप्ये पदर डोक्यावर घेऊन ते म्हणतायत. कॉलेजची पोरं लावणीला नेतात. मीच त्यांच्या निऱ्या घालते, पिना लावते, मिशीवर पावडर थापून देते. यातलं कुणी आजवर ‘धाडसी’ झालेलं नाही. बाप्यानं लुगडं नेसलं की हसायचं असतं, हे सगळ्यांना पाठ आहे. आमच्या नाटकात दोन बायका आपापल्या लुगड्यात एका ताटात भाकरी खातात, तर तो विषय धाडसी.

संतभूमीबद्दल मी काय बोलणार. पण सर, आमच्या गावची योगेश्वरी कुमारिका आहे. परळीच्या वैजनाथाशी तिचं लग्न ठरलं, वऱ्हाड निघालं, मुहूर्त टळला, वऱ्हाडाचे दगड झाले आणि देवी इथंच राहिली, ही कथा इथल्या प्रत्येक आजीनं सांगितलेली आहे. त्या कुमारिकेच्या पायावर डोकं ठेवायला पार कोकणातून लोक गाड्या करून येतात. टळलेल्या मुहूर्ताची गोष्ट ऐकत आम्ही लहानाचे मोठे झालो, एवढंच सांगायचं होतं. देवीला वादात ओढू नये, म्हणून इथंच थांबते.

पुण्या-मुंबईचं म्हणाल, तर पहिली नाटकं तिकडंच झाली हे कबूल. विजय तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ १९८१ चं, रोहिणी हट्टंगडींनी त्यात सुमित्रा केली. मी ते पुस्तकात वाचलं, विशीत, लायब्ररीतून आणून, वर वर्तमानपत्राचं कव्हर घालून. शेवटी सुमित्रा जीव देते. रात्रभर डोळा लागला नाही. नाटक किती मोठं आहे हे कळायचं ते वय नव्हतं, मला एवढंच वाटलं की बरं, म्हणजे आपला शेवट हा असा. मग पुढं चेतन दातारांचं ‘एक माधवबाग’ कळलं. त्यात मुलाबद्दल कळल्यावर आई बोलते. म्हणजे गोष्ट मरणातून निघून घरात आली. मला घरच पाहिजे होतं.

आणि घरांची मांडामांड करणारी नाटकं मराठवाड्याला काही परकी नाहीत. ‘चारचौघी’ १९९१ चं. लिहिलं प्रशांत दळवींनी, बसवलं चंद्रकांत कुलकर्णींनी, दोघंही औरंगाबादच्या ‘जिगीषा’ या नाट्यसंस्थेतून पुढं गेलेले. लग्नाशिवाय संसार केलेली आई, तिच्या तीन मुली, आणि धाकटीला दोन मित्रांबरोबर राहायचंय. २०२२ ला ते पुन्हा रंगमंचावर आलं तेव्हा लोकांनी तिकिटं काढली ती नाटकाची, धाडसाची नव्हे. शहराबाहेरचं पाहिजे असेल, तर २०२५ साली अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवात मोठं बक्षीस मिळालेला ‘साबर बोंडं’ हा मराठी सिनेमा बघा. त्यातले दोघे पुरुष खेड्यातच भेटतात, एकाच्या वडिलांच्या सुतकाच्या दहा दिवसांत. असो. याद्या देऊन कुणाचं मत बदलत नसतं. नाटकाकडं येते.

आपला अंक बाहेरच्या जिल्ह्यांतही जातो म्हणून सांगते. ऊसतोडीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा असेल तो अर्धा कोयता. मुकादम उचल, म्हणजे हंगामाआधीचे आगाऊ पैसे, देतो ती जोडीला. जोडी जुळली पाहिजे म्हणून पोरीचं वय न बघता लग्न उरकतात, हे बीड जिल्ह्यात कुणाला सांगायला नको. दिवाळीच्या पुढंमागं गाड्या लागतात, पश्चिम महाराष्ट्र नाहीतर कर्नाटक, आणि मग हंगाम संपेपर्यंत उसाच्या फडाशेजारी कोपीत, म्हणजे पाल्याच्या झोपडीत, मुक्काम.

हा हिशोब मी लहानपणापासून ऐकतेय. एक दिवस दुकानात इंग्रजांच्या कोटांना बटणं लावत बसले होते आणि डोक्यात आलं, दोन बायकांनी मिळून एक कोयता धरला तर? मुकादमाला टनाशी मतलब. तो त्यांना वहीत जोडी म्हणून लिहील. ज्या दोघींना सगळ्या मुलखात कुणी जोडी म्हणणार नाही, त्यांना फक्त मुकादमाची वही जोडी म्हणेल. तिथून ‘पूर्ण कोयता’ सुरू झालं.

शेवंता टाकलेली आहे, मथुरा विधवा. मथुरेची सासू दोन नातवंडं सांभाळत गावाकडं राहते. सासूला या दोघींचं कळतं, तो प्रवेश मी तीनदा लिहिला आणि तीनदा फाडला. सारखं मालिकेसारखंच यायचं. म्हातारी छाती बडवते, चूल विझते, वीज कडाडते. शेवटी मी तिला काही बोलूच दिलं नाही. पहाटे गाडी यायचीय. म्हातारी धपाटे बांधते, शेंगदाण्याची चटणी बांधते, दोन गोधड्या उचलते, थोडा वेळ हातात धरते आणि एक परत खुंटीवर टाकते. म्हणते, “दोघींचं एकच गाठोडं बांधलंय.” आणि लगेच, “मिठाची पुडी वर हाय.”

हे वाक्य माझं नाही. माझ्या आईचं आहे.

मी आणि माझी ती १९ वर्षं एका घरात राहतो. ती नोकरी करते, कुठं ते लिहीत नाही. आई शेवटची सहा वर्षं आमच्यात होती. तिनं कधी काही विचारलं नाही आणि आम्हीही तिला समोर बसवून कधी काही सांगितलं नाही. ती फक्त भांडायची. आमटीतलं येसर, गच्चीवरचं वाळवण, टीव्हीचा आवाज. माझ्याशी कमी, तिच्याशी जास्त. आलेल्या पाहुण्यांना ओळख करून देताना म्हणायची, “ही आमची ती.” पुढं नाव नाही, नातं नाही. एकदा आम्ही दोघी पंढरपूरला निघालो तर पिशवी आईनंच भरली, आणि वरचं वाक्य तेव्हाचं. मिठाची पुडी कशाला दिली देव जाणे, आम्ही काही रानात मुक्कामाला चाललो नव्हतो. दोन दिवस ती पुडी पिशवीत इकडून तिकडं फिरली आणि तशीच परत आली.

तालमी दुकानामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये चालायच्या. एका संध्याकाळी पलीकडच्या गल्लीतल्या एक मावशी नातीचा जिजाऊचा ड्रेस परत द्यायला आल्या. चौदा हंगाम ऊस तोडलेली बाई. आमच्या दोघी नटी मोळी बांधत होत्या. मावशींनी दारातूनच बघितलं.

“सुतळीनं कोण मोळी बांधतं गं? वाढ्यानं बांधत्यात.”

आणि आत येऊन खालीच बसल्या. शेडमध्ये हिरवं वाढं, म्हणजे उसाचा शेंडा, कुठून आणायचं? त्यांनी जुन्या साडीचा फाटका काठ घेतला, उसाच्या कांड्या त्यावर आडव्या टाकल्या, गुडघ्यानं मोळी दाबली, दोन्ही टोकं ओढून पीळ दिला आणि पिळाचं टोक आत खोचलं. सगळं होईपर्यंत माझी नटी पदरच सावरत होती. मग म्हणाल्या, “आता उचल.” ती वाकली, ओढली, उचलेना. मावशी हसल्या. “एकटीला उचलतच नसती. दुसरीनं डोक्यावर द्यावी लागती.” माझ्या संहितेत मथुरा एकटीच मोळी उचलून चालत जाते, तेही पाठीमागं सनई. मी तिथल्या तिथं सनई काढली. आता शेवंता मथुरेच्या डोक्यावर मोळी देते, चुंबळ नीट करते, आणि जाणारीच्या पाठीकडं थोडा वेळ बघत राहते. प्रेमाचा प्रवेश म्हणून लोक जो सांगतात, तो हाच. सगळं मिळून पाऊण मिनिट असेल.

मावशी उठल्या नाहीत, पुढचा प्रवेशही बघितला. त्यात उसाच्या पानानं कापलेल्या मथुरेच्या मानेला शेवंता रात्री कोपीत तेल लावते. आम्ही सगळे मावशींच्या तोंडाकडं बघतोय. मावशींनी तंबाखूची चिमूट गालात धरली आणि विचारलं, “ह्या दोघी उचल कुणाच्या नावावर घ्यायल्यात?”

मला उत्तर येईना.

“नवरा नाही दोघीला. मुकादम बाईच्या नावावर पैसा सोडत नसतो. दिराचा आंगठा घेतला आसंल. मग दीर गप बसंल व्हय? फेडायच्या वक्ताला दारात येईल की.”

संपादक महोदय, बावीस वर्षं नाटकवाल्यांत काढली, पण एवढी नेमकी समीक्षा माझी कुणी केली नव्हती. पंधरा दिवस बसून मी नाटक उलटंपालटं केलं. दीर आला, त्याचा अंगठा आला, आणि उचल फिटेपर्यंत या दोघींचं एकत्र राहणं कुणाच्या हातात आहे हे स्वच्छ दिसायला लागलं. आता त्यांच्या मागं जगाची नजर वगैरे नाही. वहीतले आकडे आहेत, आणि ते हंगाम संपेपर्यंत फिटत नाहीत. फक्त एक गोची झाली. दीर, मुकादम आणि टनाचा हिशोब सगळा दुसऱ्या प्रवेशात कोंबला गेला आणि तो लांबला. सात मिनिटं तरी लोकांची चुळबुळ चालते, मला विंगेतून खुर्च्यांचा आवाज येतो. हिशोब पुढं ढकलावा की दिराला पहिल्याच प्रवेशात आणावं, मला अजून सुटत नाहीये. हे कुणीतरी छापील सांगावं, एवढीच माझी बातमीकडून अपेक्षा होती.

नाटक कशानं अडतं तेही सांगते. प्रयोगाला लागतं तसं आम्ही संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडं, म्हणजे नाटकांच्या सेन्सॉरकडं, पाठवली, प्रमाणपत्र आलं, एक शब्द कापलेला नव्हता. कात्री घेऊन आली ती आपलीच माणसं. एक हितचिंतक म्हणाले, “ताई, दोघींना बहिणी करून टाका, अडचणच मिटली.” मथुरा करणारी पोरगी शेवटच्या वर्षाला होती, काय काम करायची! प्रयोगाला नऊ दिवस राहिले असताना तिचे वडील आले. चिडलेले नव्हते. चहा घेतला, तालीमही थोडी बघितली. म्हणाले, “नाटक चांगलंय हो ताई. पण पोरीचं बघायचं चाललंय.” आणि हात जोडले. मी तरी काय बोलणार? बाप वाईट नाही, नाटक वाईट नाही, पण गल्लीत कुणी एक वाक्य बोललं की दोन स्थळं कमी होतात, आणि ती काही मी आणून देणार नव्हते. तिच्या जागी आमच्या गल्लीतल्या ब्यूटी पार्लरवालीनं नऊ दिवसांत मथुरा पाठ केली. तिला म्हटलं, तुला कुणी काही म्हणणार नाही ना? म्हणाली, “माझं बघून झालंय, दोनदा.”

जागा म्हणजे मंगल कार्यालय. मुहूर्त नसतो त्या दिवशी ते अर्ध्या भाड्यात मिळतं, म्हणून आमचे प्रयोग नेमके ज्या दिवशी कुणाचं लग्न लागत नाही त्या दिवशी होतात. स्टेजवर मागं थर्माकोलचा भलामोठा मोर होता, तो काढायला परवानगी नव्हती. आम्ही त्यावर काळा पडदा टाकला. ऐन कोपीच्या प्रवेशात पडदा एका बाजूनं घसरला आणि मोराची मान बाहेर आली. उसाच्या फडात मोर येतोच, म्हणून प्रेक्षकांनी चालवून घेतलं. नवरा-नवरीच्या लाल मखमली खुर्च्या कोपऱ्यात सरकवून त्यांवर आम्ही पाचट रचलं होतं. खरं पाचट, केजच्या रस्त्याला एका शेतकऱ्यानं दिलेलं. संपल्यावर झाडून तीन पोती निघालं आणि त्याचे पैसे वेगळे द्यावे लागले. पुढं तेच पाचट घेऊन आम्ही एका स्पर्धेला गेलो. परीक्षकांपैकी एक जण निकालानंतर म्हणाले, विषय धाडसी आहे, पण आपल्या मातीतला वाटत नाही. मी काही बोलले नाही. साहेबांच्या बुटाला आमचं पाचट चिकटलेलं होतं.

आता, इथला प्रेक्षक बघत नसतो याबद्दल. धारूरच्या अंगाला एका गावात आम्ही देवळासमोर प्रयोग लावला, गाड्या लागायच्या आठ दिवस आधी, म्हणजे तोडणीला जाणारी माणसं अजून गावातच होती. दोन हॅलोजन, एक माइक. माझे पाय लटपटत होते, खोटं कशाला सांगू. शिट्ट्या आल्या. दोन घरच्या बाप्यांनी आपल्या बायकांना मधूनच उठवून नेलं. सर, तेवढं तुमचं खरं. पण बाकीचं मैदान हललं नाही. गाठोड्याच्या प्रवेशाला एकदम शांत झालं, आणि मिठाच्या पुडीला पुढं बसलेल्या म्हाताऱ्या खुदकन हसल्या. त्या वाक्याला कुणीतरी हसावं याची मी किती प्रयोग वाट बघत होते. शहरात तिथं लोक डोळे पुसतात. हसायचंच वाक्य आहे ते!

प्रयोग संपल्यावर बायका भोवती जमल्या. एक म्हणाली, भाकरी थापताना पीठ असं उधळत नाही, पोरीला शिकवा. एक म्हणाली, हंगामात इतकं स्वच्छ लुगडं राहतंय का कुणाचं? (ते माझं खातं, मी मान खाली घातली.) एक गडी म्हणाला, मुकादम लई भला दाखवलाय तुम्ही. आणि एक तरणी बाई, कडेवर लेकरू, सगळे पांगल्यावर हळूच म्हणाली, “मथुरेची लेकरं मोठी झाल्यावर काय म्हणत्यात?” मला याचंही उत्तर आलं नाही. धाडसी हा शब्द त्या मैदानात कुणी उच्चारला नाही.

आणि ज्या दोघींना उठवून नेलं होतं, त्यांतली एक पुढच्या बाजाराला अंबाजोगाईला आली तेव्हा दुकान शोधत आली. हातात मेथीची जुडी. म्हणाली, “पुढं काय झालं?” मी चहा टाकला आणि काउंटरच्या मागून तिला राहिलेलं सगळं नाटक करून दाखवलं. शेवंता मी, मथुरा मी, दीर मी, मुकादम मी. मध्येच एक गिऱ्हाईक आलं कृष्णाचा मुकुट मागायला, त्यालाही बसवून ठेवलं.

सध्या मी दोन अंकी लिहितेय. त्याचं मूळ आमच्या रेशनकार्डात आहे. एकाच लिंगाच्या दोघांच्या लग्नाबद्दल सुप्रीम कोर्टाचा निकाल १७ ऑक्टोबर २०२३ ला लागला. लग्नाचा कायदा करणं संसदेचं काम आहे, असं कोर्टानं म्हटलं. त्यानंतर २०२४ मध्ये केंद्र सरकारनं राज्यांना कळवलं की रेशनकार्डासाठी अशा जोडीदारांना एकाच घरातले समजावं. बँकेत जोडखातं उघडायला आणि एकमेकांना वारस लावायलाही अडचण नाही, हेही त्याच वर्षी सांगितलं. आमच्या घरात चूल एक आणि कार्डं दोन. मी ते बातमीचं कात्रण घेऊन एका कचेरीत गेले. टेबलावर एक तरुण पोरगा होता, भला होता. कॉम्प्युटरवर यादी उघडली. पत्नी, मुलगा, मुलगी, सून, नातू, सासू. वर-खाली, वर-खाली. मग माझ्याकडं बघून म्हणाला, “मावशी, बहीण टाकू का?”

मागं रांग होती, लोक खोकायला लागले होते. मी म्हटलं, बहीण नाही. तो म्हणाला, “मग ‘इतर’ टाकतो, पण वरून परत आलं तर मला बोलू नका.” मी कागद उचलले आणि घरी आले. ती म्हणाली, बरं झालं, दोन कार्डं आहेत ती असू दे. मग आमचं भांडण झालं, आणि पहिला अंक त्या भांडणावरच पडतो. नाटकाचं नाव ‘नातं : इतर’. त्या पोराचंही काम मोठं आहे त्यात. तो मला अजून नीट सापडलेला नाही. त्याच्या घरी कोण कोण आहे याचा विचार चालू आहे.

प्रयोग येळवस, म्हणजे मार्गशीर्ष अमावास्येचा आमचा शेतातला सण, झाल्यावर लावू, येळवशीपर्यंत आमच्याकडं कुणाला सवड नसते. आपण कुणाला तरी पाठवा, शेवटपर्यंत बसेल असा माणूस पाठवा. तिसऱ्या रांगेत जागा धरते, पहिल्या रांगेत पंख्याचा आवाज फार येतो. पडलं तर पडलं म्हणून छापा. कुठल्या मिनिटाला त्यानं मोबाईल काढला तेवढं लिहिलंत तरी माझं काम होईल. सरांनाही माझ्याकडून पास आहे.

माझं नाव आणि पत्ता सोबतच्या कागदावर दिला आहे, तो कृपया छापू नका. गावाला मी माहीत आहे, माझं काही जायचं नाही. पण माझं नाव छापलं की दुसऱ्या दिवशी तिच्या टेबलासमोर लोक उगाच येऊन उभे राहतील. सर म्हणतील, बघा, एवढं लिहिलं आणि नाव द्यायचं धाडस नाही. नाहीच आहे सर. एवढा वेळ मी दुसरं काय सांगतेय?

आपली,
ड्रेपरीवाली, अंबाजोगाई

ता.क. : सर मुख्याध्यापक असताना त्यांच्या शाळेच्या शेवटच्या गॅदरिंगला माझ्याकडून मावळ्यांचे बारा पोशाख गेले होते. परत आले बारा पोशाख आणि आठ फेटे. चार भगवे फेटे अजून यायचे आहेत. डिपॉझिटची पावती माझ्याकडे आहे.